दुमडलेली नावं

टेबलावर एकतीस उत्तरपत्रिका, एक स्टेपलर आणि माझा फोन होता. प्रत्येक पानाचा वरचा पट्टा मी मागे दुमडला, म्हणजे नाव फोटोत येणार नाही, आणि मगच फोटो काढून पानं तपासणीच्या एआयकडे पाठवली. नियम शाळेचा नव्हता, माझा होता. चिमणीसाठी.

चिमणी म्हणजे आमच्या वर्गातली सगळ्यात बुटकी मुलगी. नाव पोरांनीच पाडलेलं. प्रवेशाच्या दिवशी तिच्या आईनं मला बाजूला घेतलं होतं. "मॅडम, हिचं नाव कुठल्या मशीनमध्ये घालू नका. आम्ही कुठे आहोत ते हिच्या वडिलांना कळता कामा नये." मी शब्द दिला होता.

शेरे आले. 'एकक लिहायला विसरू नकोस.' 'आकृती सुबक.' चिमणीच्या पानाखाली होतं, 'लंबकाचा प्रयोग छान. डाव्या हातानं लिहायची सवय झाली वाटतं.'

तिचा उजवा हात मोडला होता, मायलेकींनी वडिलांचं गाव सोडण्याआधी. आईनं मला हे तोंडी सांगितलं होतं. मी कुठेच लिहिलं नव्हतं.

गणिताच्या सरांना दाखवलं तर ते चहा ढवळत हसले. "अगं शास्त्रज्ञ बाई, नाव झाकलंस, अक्षर कसं झाकशील? डावखुऱ्याचं अक्षर लगेच कळतं."

"पण सवय 'झाली', हे कसं कळलं?"

त्यांचा चमचा थांबला. "खोडून टाक ते," ते म्हणाले.

मी एआयचं खातं बंद केलं. दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीतल्या कॉम्प्युटरवर नवं खातं उघडलं आणि पाच मुलांची उत्तरं स्वतः टाइप केली. अक्षराचा प्रश्नच मिटला. चार शेरे साधे होते.

पाचवा, चिमणीच्या उत्तरांखालचा, असा होता: 'हे तुम्ही टाइप केलंय, मॅडम. तिची उंची किती झाली?'

मी वायर उपटली आणि तिच्या आईला फोन केला.

ती धापा टाकतच आली. शेरा ऐकून खुर्चीवर बसली.

"उंची तोच मोजायचा, तिचा बाप. दर परीक्षेनंतर. दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी करायचा आणि डोक्यावर पेन्सिलीनं रेघ मारायचा."

"ती कुठे आहे आत्ता?"

"तुमच्या प्रयोगशाळेत. येताना दिसली, दप्तर भरतेय."

आम्ही धावलो.

चिमणी एकटी होती. ठीक होती. आईनं तिला घट्ट धरलं.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची रेघ होती. बोट लावलं तर शिसं बोटाला लागलं.

"ही कुणी काढली गं?"

"मला काय माहीत, मॅडम? मी आले तेव्हा होतीच."

मी तिला बूट काढायला लावले आणि चौकटीशी नाही, समोरच्या भिंतीशी उभं केलं. स्टीलची टेप घेतली, दोनदा मोजलं.

चिमणी: १३८.४ सेंटिमीटर.

मग रेघ मोजली.

१३८.४.