काढून ठेवलेल्या बांगड्या

देवापुढं हात जोडून सांगते, यात पदरचं एक अक्षर नाही. माझी मामेबहीण चतुराबाई हिच्या बाबतीत हे घडलं. म्हैसमाळच्या पठारावर, मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी.

चतुरा आणि तिचे यजमान काकासाहेब तिथल्या एका आडबाजूच्या बंगल्याची राखण करायचे. त्या हिवाळ्यात बंगल्यात सिनेमावाले उतरले. बर्फात अडकलेलं घर, आत खून, असला काहीतरी रहस्यपट. बर्फ म्हणून शहरातून पिंजलेला कापूस आणून अंगणभर पसरला होता.

चतुराच्या व्रताचं त्या दिवशी उद्यापन. कडक उपास. आणि दिग्दर्शकानं काकासाहेबांना खाली खुलताबादला पिटाळलं...

सिगारेटी आणायला!

दिवस कलला. घाटात धुकं चढलं. मोटारसायकलचा आवाज काही येईना. पूजा तशीच खोळंबलेली.

"अहो, निदान दिवा तरी लावू द्या मला," ती दिग्दर्शकाला म्हणाली.

"थांबा हो बाई! शांतता घ्यायचीय."

शांतता घ्यायची म्हणजे काय, ते आवाज टिपणाऱ्या नवाबनं तिला सांगितलं. नवाब शहरातल्या गुलमंडीचा.

"मावशी, हर घराची खामोशी अलग असती. मिनिटभर सगळ्यांनी गप बसायचं. ती टेप मंग सिनेमात बोलण्याखाली लावतेत."

सगळे गप बसले.

नवाबनं कानावरचे हेडफोन सरकवले. "मावशी, बांगड्या वाजायल्यात तुमच्या."

तिनं हात पदरात गुंडाळले.

पुन्हा शांतता...

"वाजायल्यात, मावशी."

"अरे बाबा, मी हलले बी नाय!"

दिग्दर्शक वैतागला. "मग काढून ठेवा ना त्या! मिनिटभराचा तर प्रश्न आहे."

सवाष्णीला असं कुणी सांगतं? तेही व्रताच्या दिवशी? पण उपासानं तिचं डोकं भणभणत होतं. नवरा नाही, दिवा नाही, आणि ह्यांचं आपलं थांबा, थांबा, थांबा. तिनं तिरमिरीत साबण लावला, बांगड्या उतरवल्या आणि लक्ष्मीच्या कलशापुढं ठेवल्या.

पुन्हा सगळे गप्प.

नवाबचा चेहरा पडला. त्यानं हेडफोन तिच्या कानांना लावले.

किण...

किण...

आणि मग... काच फुटली. दगडावर मनगट आपटावं तशी. एक बांगडी. मग दुसरी. मग सगळ्याच.

चतुरानं कलशाकडं पाहिलं.

तिच्या बांगड्या जागच्या जागी होत्या. अख्ख्या.

"झकास!" दिग्दर्शक ओरडला. "ऐकवा बरं."

नवाबनं टेप मागं फिरवून लावली. टेपवर काहीच नव्हतं. निव्वळ शांतता.

थोड्या वेळानं काकासाहेब आले. गाडीचा आवाज आलाच नाही. एकदम दारातच दिसले. सिगारेटची पाकिटं हातात.

"किती वाट बघायची माणसानं!" चतुरा रडायलाच लागली.

"वळणावर घसरलो गं. काय लागलं नाय. पण उठायला लई वेळ लागला बघ."

तिनं घाईघाईनं बांगड्या भरल्या. त्यांचे हात हातात घेतले.

बर्फासारखे गार.

"थंडी लई हाय," ते म्हणाले.

थंडी सरली. मराठवाड्यातला वैशाख आला. असे कितीतरी वैशाख येऊन गेले. काकासाहेब जेवतात, हसतात, शेजाऱ्यांशी पत्ते खेळतात. हात मात्र गारच.

डॉक्टर म्हणतात, रक्ताभिसरण. लोक म्हणतात, उपासानं कानात वाजलं असंल. "टेपवर हाय का?" विचारतात आणि हसतात. काय दाखवणार ती? नवाबनंही ऐकलं होतं, पण तो हा विषय निघाला की उठून जातो.

चतुरा रोज सांजवात लावते. नवऱ्याचे हात शेगडीवर धरते. मग देवीला पुन्हा तेच विचारते.

"त्या बांगड्या कुणी फोडल्या, नको सांगूस. कुणाच्या नावानं फोडल्या... तेवढं सांग."

आणि मिनिटभर गप बसते.