मेंदी वाळेपर्यंत

इशिताने कोपराने दार ढकललं. दोन्ही हातांना मेंदी, गळ्यात लटकवलेला मोबाईल. मीरा रोडला लग्नाआधीच्या चौकशा करणाऱ्या सुचेता राऊतकडे खुद्द नवरी आलेली पाहून तिचा मदतनीस चंदन गडबडलाच.

"ताई, माझ्या पेजवरून कुणीतरी पोस्ट टाकलीय. सिल्व्हर पार्कचं मैदान वाचवायची मोहीम म्हणे मागे घेतली! उद्या मानवी साखळी होती, आता कुत्रंही फिरकणार नाही. पोस्ट माझ्याच मोबाईलवरून गेलीय. तो पलंगावर होता आणि माझे हात हे असे. मी खुळी झाले का?"

"संशय कुणावर?"

"होणारे दीर, जितेंद्रदादा. मैदानावरच्या पार्किंगचं काम त्यांना हवंय. त्यांनी केलं असेल तर मी लग्नच मोडते!"

"हॅक झालाय," चंदन म्हणाला. त्याला सगळंच हॅक झालेलं वाटतं.

सुचेताने मोबाईल उजेडात धरला. काच तडकलेली, पण लख्ख. "पिन कुणाला माहीत?"

"मेंदी काढताना ओरडून सांगितला, मिनलताईला, माझ्या चुलत बहिणीला, गाणी लावायला. घरात आम्ही दोघी, आत्या आणि मेंदीवाली."

इशिताच्या घरी मिनलने कोपरापर्यंत भरलेले हात नाचवले. "गाणी लावली तेव्हा हात कोरे होते. पोस्ट गेली तेव्हा मला नाक खाजवता येईना, टाईप काय करणार? आणि मेंदीवाली शेवटपर्यंत माझाच हात धरून बसली होती."

जितेंद्र बेधडक म्हणाला, "मी गाणी लागल्यावर आलो, फराळाचा डबा दिला. पिन मला काय माहीत? पोस्ट वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?"

"हाच!" चंदन पुटपुटला.

शेवंतीआत्याने चहाची बशी इशिताच्या ओठांना लावली. "सकाळपासून दोघींना मीच भरवतेय."

सुचेता हळूच म्हणाली, "भरल्या हातांनी मोबाईल धरला असता तर तड्यात मेंदी अडकली असती, पुसूनही निघाली नसती. जितेंद्रचे हात कोरे, पण तो पिन सांगून झाल्यावर आला. पिन ऐकलेलं आणि हात कोरे असलेलं माणूस इथे एकच आहे. नवरा गेल्यापासून त्यांना कुणी मेंदी लावलेली नाही."

आत्याने बशी खाली ठेवली.

"जितेंद्र म्हणाला होता, असली भांडखोर सून नको," आत्या रडू लागली. "तुला आई नाही गं. लग्न मोडेल म्हणून घाबरले मी."

"आणि मी त्याच पोस्टपायी मोडायला निघाले होते!" इशिताचा आवाज फाटला.

आत्याने इशिताच्या पेजवर लाईव्ह जाऊन सांगून टाकलं, "तो आगाऊपणा माझा. उद्या सगळे या." जितेंद्र खाली मान घालून उभा होता.

हातांची मेंदी वाळल्यावर इशिताने उरलेला कोन उचलला. "आत्या, हात पुढे कर."

"अगं, मला कुठे चालतं?"

"चालतं. तेवढाच वेळ तुला मोबाईलला हात लावता येणार नाही."

आत्याने डोळे पुसले आणि दोन्ही हात पुढे केले.