चौदा लहान चौथरे

सोमवारच्या आत पुरावा हवा होता! मुलुंडच्या डोंगरमाथ्यावर सात-आठशे वर्षांपूर्वीचं एक उठून गेलेलं गाव आहे, हे जमिनीतल्या जुन्या वस्तूनं सिद्ध झालं तर दगडखाण थांबणार होती; नाहीतर सगळा माथा सुरुंगाखाली. म्हणून १९८३च्या मे महिन्यात आम्ही तिघं निघालो. शाळेत इतिहास शिकवणारी अनुपमा, पायथ्याच्या पाड्यावरचा वाटाड्या खंडू आणि साकीनाक्याच्या कारखान्यात नकाशे काढणारा मी, मधुकर. डोंगर मी तोवर फक्त कागदावर चढलो होतो.

ते पहिल्याच तासात दिसलं. मुरमाड उतारावर पाय सटकला. घसरलो! हाताला नुसतं वाळकं गवत! खंडूने मनगट धरलं म्हणून वाचलो. पाण्याचा कॅन मात्र दरीत गेला.

"वाट लावलीस ना!" अनुपमा ओरडली. "आता बस थुंकी गिळत."

माथ्यावर पोचलो आणि तहान विसरलो. करवंदीच्या जाळ्यांमधून मातीचे उंचवटे लांबवर गेले होते: तळ्याचा बांध, खोल झिजलेली गाडीवाट, घरांचे चौथरे, आणि कडेला चौदा लहान चौथरे. मी भराभर मापं घेतली, नकाशावर प्रत्येकाला घर म्हणून आकडा दिला.

"एवढीशी घरं? बुटकी होती का रे माणसं?" अनुपमाने चिडवलं. खंडू हसला नाही. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं.

दोन मोठे चौथरे खणले. नुसता दगड! तेवढ्यात खाणीचा भोंगा वाजला.

"बांधाआड पडा!" खंडू ओरडला.

धडाड! जमीन हादरली. दगड कोसळले. एक माझ्या डोक्यापासून वीतभरावर रुतला! तासाभरात दुसरा सुरुंग उडणार होता. मी धावत एक लहान चौथरा गाठला, कुदळ मारली. माती मऊ लागली आणि मला केवढा आनंद झाला!

खंडूने दांडा धरला.

"ते घर नाय, साहेब. गोवरात गेलेली आमची पोरं हायत. ही माझी चंपा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आधी का नाही बोललास?" अनुपमाने विचारलं.

"बोललो असतो तर आला असता काय? आन् खाण आली तर हिलाबी उडवतील ना." तो थांबला. "खड्डा खणला तवा जुनी खापरं निघाली होती. मातीबरोबर परत लोटली."

"नको रे. चल, परत जाऊ," अनुपमा म्हणाली.

तो गुडघ्यांवर बसला. कुदळ बाजूला सारून त्याने चौथऱ्याच्या पायथ्याची माती बोटांनी उकरली. नक्षीची तीन खापरं निघाली. अनुपमाने फोटो काढले. दुसरा भोंगा झाला. खंडू उठेना! आम्हीही बसलो, तिघांनी हातांनी माती लोटली, थापली आणि मग जीव घेऊन पळालो.

बांधाआड पडल्या पडल्या मी नकाशावरचे ते चौदा आकडे खोडले.

"इथं काय लिहू, खंडू?"

"चंपा लिवा," तो म्हणाला. उरलेली तेरा नावंही त्यानेच सांगितली, एकही न विसरता. सोमवारी खापरांसोबत तोच नकाशा पुरातत्त्व खात्यात दिला. खाण थांबली.