बारा पिशव्यांची माती

“अगं, हळू ओत! माती आहे ती, आंघोळीचं पाणी नाही!” भिंगरी ओरडली.

“मग चाळणी नीट धर ना!” पिटुकलीने फणकाऱ्याने उत्तर दिलं आणि उरलेली माती अगदी चिमटीचिमटीने ओतायला सुरुवात केली.

सुट्टीत मावशीकडे जाऊन मनसोक्त पोहायचं, असा बेत होता. पण मावशी पायरीवरून घसरली आणि तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला. मग काय! भिंगरी, तिची धाकटी बहीण पिटुकली आणि त्यांचा मावसभाऊ टक्के अशा तिघांनी मावशीच्या संशोधन केंद्रातल्या चाळण्यांचा ताबा घेतला. टक्केला हे नाव पडलं होतं ते त्याच्या बोलण्यावरून. त्याला प्रत्येक गोष्ट टक्क्यांतच सांगायची सवय!

मावशी जमिनीखालच्या बुरशीचा अभ्यास करायची. झाडांच्या मुळांना बिलगलेले, केसाहूनही बारीक धागे. ते झाडाला पाणी आणि क्षार मिळवून देतात, बदल्यात झाड त्यांना साखर देतं. जगभरात या बुरशीचे किती प्रकार आहेत, ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. म्हणून एका संस्थेने देशोदेशीच्या अभ्यासकांना निधी दिला होता. सगळ्यांनी आपापल्या जंगलातली माती तपासायची आणि मिळून एक नकाशा तयार करायचा. मावशीच्या वाट्याला ओढ्यापासून डोंगरमाथ्यापर्यंतच्या बारा जागा आल्या होत्या. शुक्रवारी संस्थेच्या बाई येणार होत्या. काम पसंत पडलं, तर निधी आणखी दोन वर्षं मिळणार होता. नाहीतर केंद्राला कुलूप!

मावशीला चालता येईना, म्हणून केंद्राच्या जीपवाल्या काकांनी माती आणून दिली होती. अर्ध्याच दिवसात, बाराच्या बारा पिशव्या!

“ताई, डोंगरमाथ्यावर घरं आहेत का गं?” पिटुकलीने विचारलं.

“छे! का?”

“मग हा विटेचा तुकडा कुठून आला?”

भिंगरीने चाळणीत डोकावून पाहिलं. लाल विटेचे कण आणि यंत्राने कापल्यासारखी सरळ टोकाची गवताची पाती! तिने ओढ्याकाठची पिशवी उघडली. त्यातही तेच. सातव्या पिशवीतही तेच!

“नव्वद टक्के घोटाळा,” टक्के हळूच म्हणाला.

“आणि उरलेले दहा?”

“ते माझी चूक निघाली तर असावेत म्हणून!”

तिघं गुपचूप बाहेर पडले. केंद्राच्या आवारात हिरवळ होती एकाच ठिकाणी, पाण्याच्या टाकीमागे, आणि तिच्या कडेने लाल विटा लावलेल्या होत्या. टक्केने गवताचा एक चौकोन उचलला. तो डब्याच्या झाकणासारखा अलगद निघाला! खाली वीतभर खड्डा. पिटुकलीने मोजलं, असे बारा खड्डे होते.

“चला, मावशीला सांगू!” टक्के म्हणाला.

भिंगरी मात्र जागची हलली नाही. आज बुधवार. आता सांगितलं, तर शुक्रवारी मावशी काय दाखवणार?

“आधी खात्री करू,” ती म्हणाली. मावशीच्या खोलीतल्या नकाशावर ओढ्यावरच्या झुलत्या पुलाला तांबडी फुली होती. पूल पुरात वाहून गेला होता आणि आता दगडांवरूनच पलीकडे जावं लागत होतं, हे तिला माहीत होतं.

जीपवाले काका मावशीच्या खोलीत चहा पीत बसले होते. भिंगरीने भोळा चेहरा करून विचारलं, “काका, वर जाताना झुलता पूल लागला असेल ना? भीती नाही वाटली?”

“भीती? मला?” काका ऐटीत म्हणाले. “पाळण्यासारखा झुलत होता! डोळे मिटून पार केला!”

मावशीने कप खाली ठेवला. “काका, तो पूल वाहून गेल्याला वर्ष झालं.”

काकांचा चेहरा पडला. पिटुकलीने विटेचा तुकडा टेबलावर ठेवला.

“माती ती माती, असं वाटलं हो,” काका पुटपुटले. “चढण फार, गुडघा दुखत होता. चुकलंच माझं.”

मावशीने तो तुकडा उचलून पाहिला. मग म्हणाली, “जगाच्या नकाशावर डोंगरमाथा म्हणून आपल्या हिरवळीची बुरशी गेली असती, काका. तिच्या भरवशावर उद्या कुणीतरी जंगल जपायला निघालं असतं.”

“मावशी, बाईंना कळलंच नाही तर?” भिंगरीने चाचरत विचारलं.

“मला कळलंय ना!” असं म्हणून मावशीने फोन उचलला आणि बाईंना सगळं सांगून टाकलं. फोन ठेवल्यावर ती एवढंच म्हणाली, “त्या येणार आहेत. जे असेल ते दाखवा, म्हणाल्या.”

गुरुवारी सकाळीच काका फावडं घेऊन दारात हजर! “खरी माती आणायला मी येतो. रस्ता तरी दाखवा मला.”

टक्केच्या हातात नकाशा, भिंगरीकडे पिशव्या. ओढ्यातले दगड शेवाळलेले होते. काकांनी पिटुकलीला खांद्यावर घेतलं आणि एकेक पाऊल जपून टाकत पलीकडे नेलं. डोळे न मिटता! प्रत्येक जागी पालापाचोळा बाजूला करायचा, वीतभर खणायचं, पिशवीवर नंबर घालायचा. चढणीवर काका चारदा बसले, पण परत चला म्हणाले नाहीत. माथ्यावरची माती काळीभोर आणि भुसभुशीत होती, आणि तिच्यातून पांढरे धागे कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरले होते. अंधार पडायच्या आत बाराही पिशव्या भरल्या.

शुक्रवारी बाई आल्या, तेव्हा चारच पिशव्या तपासून झाल्या होत्या. बाईंनी हिरवळीवरचे खड्डे पाहिले, नव्या पिशव्या पाहिल्या आणि तिघांकडे वळल्या.

“विटेचा तुकडा कुणी ओळखला?”

पिटुकलीने भीतभीत हात वर केला.

“शाब्बास! मोठ्यांच्या नजरेतून निसटलं असतं हे. आणि झालेली चूक स्वतःहून कळवणारे फार थोडे भेटतात मला,” बाई मावशीकडे बघत म्हणाल्या. “आठ पिशव्या राहिल्यात? सावकाश करा. दोन वर्षं आहेत तुमच्याकडे.”

काकांनी टाळ्या वाजवल्या.

“मावशी, इकडे ये!” सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली भिंगरी ओरडली. “माथ्यावरच्या मुळाला सोनेरी धागा आहे!”

मावशी लंगडत आली आणि खूप वेळ बघत राहिली. “हा मी कधीच पाहिलेला नाही,” ती हळूच म्हणाली.

“शंभर टक्के?” टक्केने विचारलं.

मावशी उत्तर देणार, एवढ्यात बाई पर्स खाली ठेवून पुढे झाल्या. “सरका गं जरा, मलाही बघू द्या!”