भिजवलेला गाळ

इंझोरीच्या आटलेल्या तळ्यात मी भेगाळलेल्या गाळावर बसले होते, आणि बादलचा ट्रॅक्टर नेमका माझ्यासमोर येऊन थांबला.

"ओ मॅडम, गाळ वावरात न्याचा हाय. सरकता काय?"

"नाही सरकत. इथं अंडी हायेत."

"कोंबडीची?"

"झिंग्यांची."

मंगरूळपीरच्या कॉलेजातला माझा प्रकल्प होता तो. खसखशीहून बारीक अंडी... कोरड्या मातीत निजतात, पाण्यानं जागी होतात. बादलनं ऐकलं, ओंजळभर माती उचलली, आणि सांडू नये म्हणून श्वास धरून उभा राहिला. तिथंच माझं काहीतरी सांडलं.

त्यानं सगळं तळं उपसलं, माझा कोपरा तेवढा ठेवला. रोज संध्याकाळी तिकडं येई. कधी पाना हरवलेला, कधी तहान लागलेली. पाऊस लागला की तो नाशिककडे कामाला जाणार होता. माझ्या घरी स्थळं येत होती. दोघांना दोन्ही ठाऊक — बोलत मात्र कुणीच नव्हतं.

परीक्षेला जाताना माझ्या कोपऱ्यातल्या गाळाचं घमेलं मी त्याच्या अंगणात ठेवलं. माझ्या आईला ते घरात नको होतं. पाणी मीच घालीन, मी त्याला म्हणाले. झिंग्यांना जागं होताना मला बघायचं होतं.

परतले तर घमेल्यात सुकलेला चिखल. बादल मान वर करेना.

"लय ऊन होतं, रेणू. माती तडकली. मले वाटलं, अंडी तहानली असतीन... पाणी टाकलं."

रागवायला गेले, आणि विचारलं भलतंच — कसे दिसत होते?

"काचेवानी. उताणे पोहत होते, आभाळ पाहत. तुले फोन लावणार होतो... पण तुहा पेपर होता." मग पाणी तापलं, सगळे गेले.

मी सांगितलं, पहिल्या पाण्यानं सगळी उठत नाहीत. काही निजून राहतात, पुढच्या पाण्यासाठी. वर्षानुवर्षं.

त्याचा चेहरा उजळला. मग घाई कसली, होळीला नाशिकहून येतो, दोघं मिळून पाणी घालू, म्हणाला.

"अंडी थांबतीन, बादल. मी नाही थांबणार. रविवारी पाहुणे येऊन राह्यले, मले पाहाले."

त्यानं घमेलं उचलून सावलीत ठेवलं आणि तो हापशाकडे गेला. मी दांडा धरला. त्यानं कोपरापर्यंत हात धुतले, नखं पाहिली, पुन्हा धुतले.

"तुहे बाबा," पाण्याकडेच पाहत त्यानं विचारलं, "आता घरी भेटतीन काय?"