शेवटचा स्क्रू

तो पंखा बंद करा रे जरा, त्याच्या घरघरीत बोलवत नाही. आणि त्या डाव्या बॉक्सला टेकू नका. मघापासून विचारताय ना, एवढ्या दणदणीत बॉक्समधून बारीक खरखर का येते म्हणून? सांगतो. या साउंडच्या धंद्यात माझे केस पिकले. थापा पुष्कळ ऐकल्यात, थोड्या मारल्याही असतील. पण ही थाप नाही. ज्याच्या बाबतीत घडलं, तो आत्ता बाहेर टेम्पोत घोरतोय. त्याला मात्र विचारायला जाऊ नका.

तो धाकटा. त्याला एक थोरला भाऊ होता. हे बेसचे बॉक्स दोघांनी घरीच बनवले, प्लाय कापण्यापासून. थोरला भारी काटेकोर माणूस. मागची फळी लावण्याआधी आतल्या प्रत्येक स्पीकरच्या तारांना एक सेल टेकवून बघणार. स्पीकरचा पडदा टप् करून पुढे आला तर तारा बरोबर, आत गेला तर उलट्या. एका बॉक्समध्ये दोन स्पीकर. एकाच्या जरी तारा उलट्या लागल्या, तरी एक ढकलतो आणि दुसरा ओढतो, बॉक्स मुका होऊन बसतो. मग फळी लावायची, स्क्रू हातानेच पिळायचे, प्रत्येकाची खाच उभी ठेवायची. शेवटचा स्क्रू मात्र अर्धा बसवून सोडून द्यायचा आणि पेचकस उलटा धरून, मूठ पुढे करून, धाकट्याला द्यायचा. ‘घे, तू बंद कर.’ धाकटा शाळेत होता तेव्हाची ही पद्धत. पुढे त्याचं पोट सुटलं तरी बदलली नाही.

थोरला काविळीने गेला. धाकट्याने एकट्याने वर्षभर रेटलं. दिवसा दुकानातली नोकरी, रात्री बॉक्सची उचल-ठेव. पाठ कामातून गेली. वहिनी म्हणाली, ‘भावोजी, विकून टाका ते. तुम्ही तरी रात्रीचे झोपा.’ त्यालाही पटलं. खरं सांगायचं तर तो थकला होता रे. नुसता अंगाने नाही. गिऱ्हाईक ठरलं, रविवारी येऊन बॉक्स नेणार होतं. मध्ये शनिवारचा एक शेवटचा कार्यक्रम.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, मार्चमधला शेवटचा शुक्रवार. डाव्या बॉक्सचा एक स्पीकर जळाला होता. धाकट्याने संध्याकाळी तो बदलला, सेलबिल न टेकवता. घाईघाईत फळी ठोकून बसवली, खाचा वाकड्यातिकड्या. बॉक्स टेम्पोत घालून तो हॉलवर आला. उतरवले, जोडले, गाणं लावलं. उजवा छातीत धडधडला. डावा... गप्प.

काय झालं ते त्याला लगेच कळलं. फळी उघडायची, तारा फिरवायच्या, एवढंच काम. पण त्याच्याच्याने होईना. रखवालदार बाहेरून कुलूप लावून गेला होता, सकाळीच उघडणार होता. म्हणजे अख्खी रात्र हातात होती. पण धाकटा म्हणाला, जाऊ दे. एका बॉक्सवर भागवू. परवा जाणारच आहेत. त्याने अ‍ॅम्प बंद केला, मेन स्विच खाली ओढला आणि अंधारातच समोरच्या भिंतीला टेकून बसला. पेचकस खिशात होता, तो टोचायला लागला म्हणून काढून शेजारी ठेवला.

डोळा लागला असेल. नसेलही.

कर्र.

त्याला वाटलं, उंदीर.

कर्र... कर्र... थांबून, दमाने. लाकडातून स्क्रू निघतो तसा.

त्याने शेजारी हात फिरवला. फरशी गार होती. पेचकस नव्हता.

फळी जमिनीला टेकल्याचं त्याला ऐकू आलं. मग बराच वेळ काहीच नाही.

मग... टप्.

स्विच खाली होता. अ‍ॅम्प बंद होता. तरी स्पीकरचा पडदा हलला होता.

पुन्हा... टप्.

‘दादा?’ तो म्हणाला.

...

कर्र. कर्र. आता स्क्रू आत जात होते. एकेक. घाई नाही. धाकटा गुडघ्यात डोकं घालून बसला. भीतीने रडत होता की कशाने, ते त्यालाही सांगता येत नाही. मग आवाज थांबला. काम संपल्यासारखा नव्हे. कोणीतरी वाट बघत थांबावं, तसा.

उजाडेपर्यंत तो जागचा हलला नाही. रखवालदाराने कुलूप काढलं तेव्हा उठला, स्विच वर केला, गाणं लावलं. दोन्ही बॉक्स असे वाजले की दारात रखवालदाराने कानावर हात ठेवले.

धाकटा डाव्या बॉक्सच्या मागे गेला. सगळ्या खाचा उभ्या. कोपऱ्यातला एक स्क्रू तेवढा अर्धा बाहेर. आणि बॉक्सवर पेचकस, मूठ त्याच्या बाजूला केलेली.

बॉक्स विकले नाहीत, ते तुम्ही बघताच आहात. त्याने तो स्क्रू पिळलाही नाही. पिळला की काम संपलं, म्हणतो. खरखर येते ती त्या सैल स्क्रूचीच.

बॅटरी घ्या आणि बघून या. पण हात लावू नका. तो स्क्रू कोणी पिळायचा, ते ठरलेलं आहे.