आत्यानं बसवलेला ओटा

कल्पना करा हं, बाळांनो... तुम्ही घाईघाईनं घराबाहेर पडताय, आणि दारापुढचा लाकडी ओटा तुमचा एक पाय गुडघ्यापर्यंत गिळून टाकतो!

चिमणीच्या आत्याचं अगदी असंच झालं. रस्त्यानं चाललेला एक तरुण सुतार धावत आला. कुजकी फळी उचकटून त्यानं तिचा पाय सोडवला.

"फळ्यांमधल्या फटी कुणी बुजवल्या?" त्यानं विचारलं.

"मी. भाचीचे मणी खाली पडायचे."

"मग पाणी जाणार कुठून? साचून फळ्या कुजल्या. मणी वाचले, ओटा गेला!"

"हसताय काय? शिकवा मला. मीच बसवीन नवा."

त्यानं शिकवलं. रोज संध्याकाळी दोघं फळ्यांना रंधा मारून त्या गुळगुळीत करायची, फट सोडून ठोकायची. तिच्या केसांत भुसा अडकायचा... आणि त्याची नजरही.

"खिळा वाकडा जातोय तुमचा."

"तुम्ही खिळा सोडून माझ्याकडे बघताय म्हणून."

"बरं — खिळ्याकडे बघतो." पण बघायचा कुठला!

शेवटच्या फळीचा एकच खिळा उरला, तेव्हा आत्याचा दादा, म्हणजे चिमणीचे बाबा, चिमणीसह उंबरठ्यावर येऊन उभा राहिला.

"उद्यापासून हा इथं दिसता कामा नये. सुताराच्या घरी जाऊन जन्मभर भुसा झाडणार आहेस का?"

"निम्मा मी झाडीन, निम्मा ते."

सुताराचे कान लाल झाले. "पण... मला अजून कुणी विचारलंच नाही—"

"आत्ता विचारते. कराल माझ्याशी लग्न?"

"हो!" तो इतक्या घाईनं म्हणाला की हातातली हातोडीच निसटली.

"मग या दारात पुन्हा यायचं नाहीस," दादा आत्यावर गरजला. "आणि या ओट्यावर आमच्यातलं कुणी पाऊल ठेवणार नाही!"

 आत्यानं हातोडी उचलली, शेवटचा खिळा ठोकला आणि सरळ उभी राहिली.

"मी येणार, दादा. याच दारानं, यांना घेऊन. माझ्या फळ्या तुला चालत नसतील, तर तू मागच्या दारानं जा-ये कर."

सुतार तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. 

चिमणीनं बाबांकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. मग दोन्ही पायांनी नव्या फळीवर दणकन उडी मारली, मागे वळून बाबांचं बोट धरलं आणि ओढू लागली —

"या ना, बाबा. मोडत नाही!"